दीर-वहिनीची पैज, ६४ दिवस अन् एक महाल! पॅरिसच्या ‘बागातेल’मध्ये पुढे काय काय घडलं?

लाकडी पाट, त्यावर ठोकलेले खिळे आणि काठीने ढकलायच्या गोळ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेक घरांत रंगणारा ‘बॅगाटेल’चा खेळ आठवतोय? या खेळाला नाव मिळालं ते पॅरिसच्या एका छोटेखानी महालावरून, असं सांगितलं जातं. फ्रेंचमध्ये ‘बागातेल’ म्हणजे किरकोळ, क्षुल्लक गोष्ट. हा महाल उभा राहिला तोही एका पैजेपायी.

पैज नेमकी काय होती?

साल १७७७. पॅरिसलगतच्या बुआ द बुलोन्य या जंगलातली एक जुनी, मोडकळीस आलेली वास्तू राजा सोळाव्या लुईच्या धाकट्या भावाने, काउंट आर्त्वाने घेतली होती. ती पाडून तिथे नवा महाल बांधायचा त्याचा बेत होता. काम तीन महिन्यांत होणार नाही, असं म्हणत त्याची वहिनी राणी मारी आंत्वानेतने १ लाख लिव्हरची पैज लावली. लिव्हर हे त्या काळचं फ्रेंच चलन.

वास्तुविशारद फ्रांस्वा-जोसेफ बेलांजेने आराखडा केला. सुमारे ९०० कामगार रात्रंदिवस राबले. दगड-चुना कमी पडला, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या गाड्या शिपायांकरवी अडवून माल घेतला गेला. ६४ दिवसांत इमारत उभी राहिली. आतली सजावट आणि बाग पूर्ण व्हायला मात्र आणखी वेळ लागला.

दीर जिंकला, पण खर्च पैजेच्या रकमेच्या कितीतरी पट झाला. दरवाजावर लॅटिनमध्ये कोरलं गेलं, ‘लहान, पण सोयीचं’. राजघराण्याच्या अशाच उधळपट्टीने लोकांचा संताप वाढत होता.

क्रांतीनंतर काय झालं?

जुलै १७८९ मध्ये बॅस्टीलचा तुरुंग पडला आणि काही दिवसांतच आर्त्वाने देश सोडला. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला. महाल मात्र वाचला. सरकारजमा झालेल्या या वास्तूत पुढे रेस्टॉरंट सुरू झालं. जिथे राजपुत्राचे पाहुणे यायचे, तिथे आता पैसे मोजून कुणीही जेवायला येऊ लागलं.

१८०६ मध्ये नेपोलियनने महाल घेतला आणि शिकारीच्या मुक्कामासाठी वापरला. त्याच्या पाडावानंतर राजघराणं परतलं. आर्त्वा १८२४ मध्ये दहावा चार्ल्स म्हणून गादीवरही बसला, पण १८३० च्या उठावात ती गेली.

इंग्रज मालक कसे आले?

१८३५ मध्ये महाल एका श्रीमंत इंग्रज उमरावाने विकत घेतला. हा पुढे चौथा मार्क्वेस ऑफ हर्टफर्ड झाला. १८७० मध्ये त्याची मालमत्ता रिचर्ड वॉलेसकडे आली. युद्ध आणि वेढ्याने बेजार झालेल्या पॅरिसमध्ये पिण्याच्या पाण्याचे मोफत नळ बसवणारा हाच तो वॉलेस. लंडनचा ‘वॉलेस कलेक्शन’ हा प्रसिद्ध कलासंग्रहही त्याच घराण्याचा. वॉलेसने महालाचा मजला वाढवला. १८९० मध्ये त्याने इथेच अखेरचा श्वास घेतला.

विमानाशी काय संबंध?

शेजारच्या बागातेल मैदानावर ब्राझीलच्या आल्बेर्तो सांतोस-द्युमोंने १२ नोव्हेंबर १९०६ रोजी ‘१४-बिस’ हे विमान २२० मीटर उडवलं. युरोपातल्या विमानोड्डाणाच्या इतिहासातला हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

आज तिथे काय आहे?

१९०५ मध्ये पॅरिस शहराने ही मालमत्ता विकत घेतली. उद्यानतज्ज्ञ जाँ-क्लोद निकोला फोरेस्तिएने इथे गुलाबांची बाग फुलवली. १९०७ पासून नव्या गुलाबांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा इथे भरते. सुमारे २४ हेक्टरच्या या उद्यानात आज कुणीही फिरू शकतं. महालाच्या न्हाणीघरासाठी ह्युबेर रोबेरने काढलेली सहा चित्रं मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत.

राजे गेले, सम्राट गेला, उमरावही गेले. एका राजपुत्राच्या चैनीसाठी बांधलेला महाल टिकला, कारण प्रत्येक नव्या मालकाला त्याचा काही ना काही उपयोग सापडला. राणी ज्या महालावर पैज हरली, त्याच्या बागेत आज सामान्य पॅरिसकर मुलाबाळांना घेऊन गुलाब बघायला येतात.