उत्तनच्या रस्त्यावरची मराठी

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की आधी मुर्धा, राई, मोर्वा ही आगरी गावं लागतात. पुढे डोंगरी, आणि थेट समुद्रापाशी उत्तन, पाली, चौक या ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्त्या. मीठ आणि भातशेती मागे पडून मासेमारी सुरू होते, देवळांच्या जागी चर्च दिसू लागतं. बोलण्याची ढब मात्र तीच राहते.

‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’, दोन स्वरांच्या मधल्या ‘ड’चा ‘र’. म्हणजे पानी, काला, घोरा, लुगरं. शब्दाच्या सुरुवातीचा ‘व’ही इ-ए लागले की विरतो: वीसचे ईस, वेळची येल. ‘मला’चं ‘मना’. शाळा याला अशुद्ध म्हणते. पण चुकणारा माणूस कधी चुकतो, कधी बरोबर बोलतो. इथे आजीपासून नातवापर्यंत सगळे त्याच जागी, त्याच तऱ्हेने ‘चुकतात’. व्याकरणात याला नियम म्हणतात.

भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतातल्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीवरच्या सातव्या खंडात (1905) कोळी, आगरी आणि किरिस्ताव अशा नोंदी वेगवेगळ्या आहेत. ध्वनी बरेचसे सामायिक, नावं मात्र जात-धर्मावरून पडलेली! 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने इथली पोर्तुगीज सत्ता संपवली, पण धर्म राहिला आणि बोलीही राहिली. पुढे इंग्रजांच्या नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत आले, तेव्हा वेगळेपण दाखवायला इथल्या ख्रिस्तींनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. त्यांची संघटना 1887 ची. आगरी लग्नात आजही धवलारीण धवले गाते, ईस्ट इंडियन लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणायला गाणी म्हणत जातात. दोन्हीकडची गाणी ऐकायला इंग्रजी किंवा पोर्तुगीज लागत नाही.

वेगळी भाषा म्हणून मान्यता हवी, असा आग्रह इथे सहसा कानी येत नाही. पोलंडच्या सायलेशियात तो मोठा आहे. 2021 च्या जनगणनेत साडेचार लाखांहून अधिक लोकांनी घरी सायलेशियन बोलतो असं सांगितलं. 2024 मध्ये तिथल्या संसदेने तिला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता देणारा कायदा मंजूर केला. त्याच वर्षी मे महिन्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुदा यांनी, ही पोलिशचीच बोली असल्याचं तज्ज्ञांचं मत पुढे करून, तो अडवला.

मला त्या वादापेक्षा त्यांची लेखनपद्धती जास्त रंजक वाटते. सायलेशियनच्याही पोटबोली आहेत, गावागणिक स्वर बदलतो. म्हणून 2009 मध्ये ठरवलेल्या लेखनात काही अक्षरं अशी ठेवली की प्रत्येकाने ती आपापल्या गावच्या उच्चाराने वाचावीत.

तीच युक्ती इथे लावली तर ‘घोडा’ लिहायचं आणि राईत ‘घोरा’ वाचायचं. हिशेबाने ते सोयीचं आहे. पण आगरी-कोळी गाण्यांचे शब्द लिहिणारी पोरं सरळ ‘पानी’, ‘मना’ लिहून मोकळी होतात, आणि मला तेच बरं वाटतं. ‘ळ’ लिहून ‘ल’ वाचायची मुभा मिळवायची, तर आधी शाळेतल्या बाईंना पटवावं लागेल.