बाई जेव्हा बॅकबेंचर होतात!

दिवसभर मुलांना गप्प करणाऱ्या बाईच विद्यार्थी झाल्या तर? पुण्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं तेच झालं. २०२१ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी ‘निष्ठा २.०’ हे प्रशिक्षण ‘दीक्षा’वर ऑनलाइन आलं. १२ कोर्स सर्वांना सारखे, तेरावा आपापल्या विषयाचा. व्हिडिओ पाहा, प्रश्न सोडवा, सर्टिफिकेट मिळवा. रात्री स्वयंपाक उरकून, हवं तिथे पॉज करत शिकणं तिला झकास वाटलं. पण भाषेच्या कोर्सलाही तिचं ऐकायला समोर कुणीच नव्हतं! शंका मनातच राहायची. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलांचं काय होत असेल, ते तिला तेव्हा उमगलं. आता तासाची पहिली दहा मिनिटं मुलांची. घरच्या बोलीत बोला, चालेल, शुद्धलेखन नंतर. सर्टिफिकेट कपाटात पडलंय, वर्गात मात्र आवाज वाढलाय. आणि बाईंना तो चक्क आवडतोय!