काचबिंदूवर लेझर: डोळ्यातला दाब कमी करणारं एसएलटी नेमकं काय करतं?

समजा, कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या एका आजोबांना बाजूचं कमी दिसायला लागलंय. घरचे म्हणतात, "मोतीबिंदू असेल. भातकापणी झाली की ऑपरेशन करू." मोतीबिंदू असेल तर दोन महिने थांबून फारसं बिघडत नाही, काढला की पुन्हा दिसतं. पण तो काचबिंदू निघाला तर? काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. कुठलंही औषध किंवा लेझर ती परत आणू शकत नाही. उरलेली नजर वाचवणं, एवढंच हातात असतं. त्यासाठी आज एक उपाय आहे, ज्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. त्याचं नाव एसएलटी, म्हणजे सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी. चला, समजून घेऊया.

दाब वाढतो कसा?

डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर जातो. भाताच्या खाचराचं उदाहरण घ्या. वरून पाणी येतंय आणि खालची वाट गाळाने तुंबलीय. काय होणार? पाणी चढणार. डोळ्यात तसंच होतं. दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असावा. तो वाढला की मागची दृष्टीची नस हळूहळू मरत जाते. दुखत नाही, डोळा लालही होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. काही जणांत तर दाब या मर्यादेत असूनही नस खराब होते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नसही तपासावी लागते.

लेझर काय करतं?

१९७९ पासून या जाळीवर आर्गन लेझर वापरलं जायचं. त्याने दाब उतरायचा, पण जाळी भाजून तिथे व्रण पडायचे. त्यामुळे ते पुन्हा पुन्हा करता येत नसे. १९९० च्या दशकात अमेरिकेत मार्क लॅटिना यांनी वेगळी वाट शोधली. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश, आणि एक झटका फक्त ३ नॅनोसेकंदांचा. जाळीतल्या काही पेशींमध्ये मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं. तेवढ्याच पेशी हा प्रकाश शोषून घेतात. झटका इतका छोटा असतो की उष्णता शेजारी पसरायच्या आत संपतो. म्हणून नावात 'सिलेक्टिव्ह', म्हणजे निवडक.

यानंतर शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी तिथे गोळा होतात, जाळीची डागडुजी होते आणि द्रव पुन्हा वाहू लागतो, असं मानलं जातं. म्हणजे लेझर गाळ जाळत नाही, शरीरालाच कामाला लावतं. दाब साधारण २० ते ३० टक्के उतरतो. पूर्ण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात.

खुर्चीत बसल्यावर काय होतं?

सुन्न करणारे थेंब, डोळ्यावर एक खास भिंग, आणि साधारण १०० झटके. पाचेक मिनिटांत काम होतं. चिरफाड नाही, टाके नाहीत. त्याच दिवशी घरी. थोडा वेळ दाब वाढू शकतो, डोळा लाल किंवा चुरचुरीत होऊ शकतो. म्हणून दाब पुन्हा मोजल्याशिवाय निघू नका.

थेंब बरे की लेझर?

ब्रिटनमधल्या 'लाइट' अभ्यासात ७१८ नवे रुग्ण होते. २०१९ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. आधी लेझर केलेल्या सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांशिवाय आटोक्यात होता. दाबासाठी शस्त्रक्रिया थेंबांच्या गटात ११ जणांना लागली, लेझरच्या गटात एकालाही नाही. २०२२ मध्ये तिथल्या मार्गदर्शक सूचनांत एसएलटी हा पहिला उपाय ठरला.

आपल्याकडे हे जास्तच महत्त्वाचं आहे. थेंब रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर घालायचे असतात. खोपोली-खालापूरच्या कारखान्यात पाळ्या बदलत काम करणाऱ्याला विचारा, किती दिवस जमतं! काही थेंब उघडेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, काही दम्याच्या रुग्णाला चालत नाहीत.

पण सगळ्यांसाठी नाही

एसएलटी उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी आहे. भारतात बंद कोनाचा प्रकारही बऱ्याच जणांना असतो. त्यात जाळीपर्यंतची वाटच अडते. तिथे बुबुळाला बारीक छिद्र पाडणारं वेगळं लेझर वापरतात. म्हणून भिंग लावून कोन तपासणं आधी. शिवाय एसएलटीचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो. मग ते पुन्हा करता येतं, पण तपासणी कधीच सुटत नाही.

मग करायचं काय?

- वय ४० झालं, किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर दाब आणि नस दोन्ही तपासून घ्या.
- धुळीने डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन् महिने घालू नका. त्यानेही दाब वाढतो.
- पनवेलची लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट किंवा लोकलने गाठता येणारं भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय, कुठेही जा. निघण्याआधी फोन करून विचारा: "काचबिंदूचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात? एसएलटी होतं का?"
- लेझर झालं तरी डॉक्टरांना न विचारता चालू थेंब बंद करू नका.

आजोबांची भातकापणी चार दिवस पुढे गेली तरी चालेल. तपासणी मात्र या आठवड्यातच करा.