पोरासाठी काय मागवाल?

श्रोतेहो, लग्नाचा बस्ता बांधायला किंवा दवाखान्याच्या कामानं आपण तालुक्याच्या गावी जातो. बरोबर धाकटं पोर असतंच. दुपार टळते, पोर भुकेनं रडवेलं होतं आणि आपण हॉटेलात शिरतो. मोठी माणसं राइसप्लेट मागवतात. आणि पोराला? ‘त्याला हवं ते द्या’ म्हणून आपण मोकळे! मग त्याच्यापुढं नूडल्स नाहीतर फ्रेंच फ्राइज म्हणजे बटाट्याचे तळलेले काप येतात, आणि जोडीला थंड पेयाची बाटली. मोठ्या शहरांतल्या काही हॉटेलांत मुलांच्या पदार्थांची यादीच वेगळी छापलेली असते. यादी वेगळी, पण जिन्नस बहुधा तेच : मैदा, बटाटा, तेल, मीठ आणि साखर.

आता याचा हिशेब मांडून पाहू. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० उष्मांक आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणारी शक्ती. प्रथिनं म्हणजे अंग वाढवणारा भाग. हा हिशेब शाळेतल्या गुरुजींना नवा नाही. पाचवीपर्यंतच्या मुलाच्या शालेय आहारात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. म्हणजे दिवसाची निम्मी प्रथिनं एका जेवणात!

उलट १०० ग्रॅम फ्रेंच फ्राइज आणि पाव लिटर कोला घ्या. उष्मांक होतात ४००च्या घरात, म्हणजे जवळपास तितकेच. पण प्रथिनं जेमतेम तीन-चार ग्रॅम! शिवाय त्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे. पोराचं पोट लहान. ते यानंच भरलं, तर डाळ-भाजीला जागा कुठली? पोट भरलं खरं, पण पोर पोसलं नाही.

तुम्ही म्हणाल, ‘अहो, कधीतरी खाल्लं तर काय बिघडतं?’ खरं आहे. एका दिवसानं काही बिघडत नाही. पण चांगल्या दिवसाचं जेवण म्हणजे हे, आणि घरची आमटी म्हणजे नाइलाज, असं पोराच्या मनानं घेतलं की ते रोजच हट्ट धरतं. खोड लागते ती अशी.

हॉटेलवाल्याला बोल लावून उपयोग नाही. आपण मागू ते तो देतो. त्याच मुदपाकखान्यात वरणभात असतो, उसळ असते, इडली-सांबार असतं, दही असतं, अंडं असतं. ‘अर्धी प्लेट द्या, तिखट कमी घाला’ एवढं सांगायला संकोच कशाचा? प्यायला पाणी द्या. गोड खायचंच असेल तर घरून दोन केळी न्या.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थापुढं उष्मांक लिहावेत, असा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. तो आकडा जरूर वाचा. पण त्यावरून प्रथिनं कळत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

गुरुजनांना एक विनंती. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति चरबीचे, खारट आणि गोड पदार्थ विकायला २०२० च्या नियमानं मनाई आहे. आपल्या फाटकाबाहेर काय विकलं जातं, ते पाहावं. सहलीचं जेवण हॉटेलात असेल, तर आधीच ठरवून वरणभात, उसळ सांगून ठेवावी. आणि वर सांगितलेला हिशेब एकदा फळ्यावर मुलांकडूनच मांडून घ्यावा.

मंडळी, पोराला खाऊ जरूर घ्या. पण तो जेवणावर, जेवणाऐवजी नको.