दात काढताना घ्यावयाची काळजी

दात काढायचा म्हटले की धीराच्या माणसाच्याही पोटात गोळा येतो. दिवाळीची गर्दी, लग्नसराई, वर्षअखेरचे हिशेब अशी कारणे पुढे करून दिवस ढकलले जातात. मूळ कारण मात्र भीती हेच असते. वस्तुतः ज्या क्षणाची धास्ती वाटते, तो बहुधा सोपा असतो. जपावे लागते ते दात निघाल्यानंतरचे पहिले २४ तास, आणि ते बव्हंशी आपल्याच हाती असतात.

दवाखान्यात जाण्यापूर्वी चालू असलेली सर्व औषधे कागदावर लिहून न्यावीत. मधुमेह असल्यास, हृदयाची झडप बदललेली असल्यास किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या वा इंजेक्शने घेतली असल्यास ते आवर्जून सांगावे. हाडांच्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरण्यास अडचण येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. केवळ जागा बधिर करून दात काढायचा असेल, तर उपाशी जाण्याचे कारण नाही. मधुमेही व्यक्तीने तर आहार आणि औषध चुकवूच नये.

भुलेचे इंजेक्शन देताना टोचते आणि किंचित चुरचुरते. काही मिनिटांत ओठ व गाल जड होतात. मग डॉक्टर हिरडी सैल करून दात हळूहळू हलवतात. या वेळी दाब जाणवतो, क्वचित कटकट आवाजही येतो. परंतु तीव्र कळ येता कामा नये. आलीच, तर हात वर करावा; भूल आणखी देता येते. अक्कलदाढ हाडात अडकलेली असल्यास हिरडीला छेद घ्यावा लागतो, टाके पडतात आणि सूज अधिक येते.

दात निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी जमते. उघड्या हाडाचे पांघरूण तेच. म्हणून गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास दाबून धरावा, सारखा काढून पाहू नये. पहिल्या दिवशी चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये, गरम पदार्थ टाळावेत. लाळ गुलाबी दिसली तरी घाबरू नये. बधिरपणा ओसरेपर्यंत खाऊ नये. ओठ चावला गेला तरी कळत नाही. जखमेत हळद वा लवंगेचे तेल भरू नये. तंबाखू, मिशरी आणि सिगारेट पूर्ण वर्ज्य करावी. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच चुळा भराव्यात.

चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी. म्हणजे दुपारपर्यंत बधिरपणा ओसरतो आणि सूर्यास्तापूर्वी मऊ आहार, उकळून थंड केलेले पाणी व औषध घेता येते. औषधाच्या वेळा आपल्या नियमात बसतील का, हे तेथेच विचारावे. कॅप्सूलचे कवच पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटीनचे असते. रक्त थांबवण्यासाठी खड्ड्यात ठेवायचा स्पंजही तसा असू शकतो. पर्याय हवा असल्यास आधीच सांगावे. काही वेदनाशामके रिकाम्या पोटी बाधतात. म्हणून उपवासाच्या दिवसांत दात काढणे शक्यतो टाळावे. मोठी तपश्चर्या करावयाची असेल, तर दुखरा दात त्यापूर्वीच दाखवून घ्यावा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढून मग उतरू लागते. वेदना मात्र दिवसेंदिवस कमी होत गेली पाहिजे. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ती अचानक वाढून कानापर्यंत ठणका लागला आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, तर गुठळी निघून हाड उघडे पडले असण्याचा संभव असतो. गोळ्या वाढवत घरी बसू नये. दवाखान्यात औषधी पट्टी भरल्यास आराम पडतो. दाबूनही रक्त न थांबणे, ताप येणे किंवा तोंड उघडेनासे होणे ही तातडीने दाखवण्याची लक्षणे होत. गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

हिरडी काही आठवड्यांत मिटते. आतील हाड भरण्यास काही महिने लागतात. जागा रिकामी राहिल्यास शेजारचे दात तिकडे कलू शकतात. म्हणून तेथे नवा दात केव्हा आणि कोणता बसवावा, हेही त्याच भेटीत विचारून ठेवावे.