वहीतले गाव, कोकणातले गाव

1834 पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला गेले. त्यांतले मराठी लोक मुंबई बंदरातून गेले आणि त्यांत कोकणातले पुष्कळ होते. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत माणसाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात आणि मूळ ठिकाण सापडते. वंशज ते ठिकाण आजच्या नकाशावर शोधतात, सापडत नाही, आणि कारकुनाने काहीतरी खरडले असे समजून नाद सोडतात. हा नाद सोडू नये. कारकुनाने ऐकले ते लिहिले, आणि त्याच्या चुकांना ठरावीक वळण आहे. रोमन लिपीत ट, ठ, त, थ यांना वेगळी अक्षरे नाहीत. ळचा ल होतो, णचा न होतो. 'अ'साठी तेव्हा सर्रास 'यू' लिहीत, म्हणून रत्नागिरी 'रुटनागेरी' वाचली जाते; आणि ठ व ण हरवल्याने ठाण्याचे 'टाना' होते. नाव डोळ्यांनी वाचण्याऐवजी मोठ्याने उच्चारावे, आणि शक्यतो कोकणी माणसाकडून उच्चारून घ्यावे.

पण नुसता आवाज जुळणे हा पुरावा नव्हे. पाली सुधागडात आहे, तशीच रत्नागिरीजवळही आहे. नांदगाव मुरूडचे, कणकवलीचे आणि नाशिककडचेही. म्हणून आधी जिल्हा नक्की करावा, तोही नोंदीच्या वर्षाचा. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये झाला. त्याआधीचा मालवणी माणूस रत्नागिरी जिल्ह्यात सापडेल, आणि सावंतवाडी तर वेगळे संस्थान होते. त्यासाठी 1880 चे रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटियर हाताशी हवे. कोणी म्हणेल, आडनावातला 'कर' गाव सांगतोच की. सांगतो, पण ते गाव घराण्याने कित्येक पिढ्यांपूर्वी सोडलेले असू शकते. शिवाय मॉरिशसमध्ये अनेक घराण्यांत पूर्वजाचे पहिले नावच आडनाव होऊन बसले आहे.

खरी अडचण वाडीची. कोकणात गाव वाड्यांत विखुरलेले असते, आणि 'गाव कुठलं?' असे विचारल्यावर कोणी वाडी सांगेल, कोणी जवळचे बंदर किंवा बाजारपेठ. इथे एकट्याची नोंद पुरत नाही. क्रमांक ओळीने दिले जात आणि एका भागातली माणसे अनेकदा बरोबर निघत. तेव्हा आपल्या पूर्वजाच्या मागच्यापुढच्या दहा-वीस जणांची गावेही उतरवून घ्या, आणि ती सगळी एकाच तालुक्याच्या नकाशावर बसतात का, ते पाहा.