कुंकवाचा करडा रंग

लाल काठाचं हिरवं लुगडं आम्ही मोठ्या हौसेनं निवडलं होतं. मित्राच्या आत्या पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्याच आमच्या सहा मिनिटांच्या विद्यार्थी-फिल्मच्या नायिका. गोष्ट एवढीच, की वाडा पाडायच्या आदल्या दिवशी एक बाई सामान बांधते आणि मध्येच थांबून चहा करते. साल १९९८. आमच्या वाट्याला सोळा मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म आली, ती स्वस्त पडायची म्हणून. तिच्यात काही कला आहे हे नंतर कळलं.

आधी १०० फुटांचं रीळ चाचणीसाठी वापरलं. सेकंदाला २४ चौकटी या वेगानं ते जेमतेम पावणेतीन मिनिटं चालतं. धुऊन आलेलं रीळ पडद्यावर पाहिलं तर लुगड्याचा काठच गायब! डोळ्यांना एकमेकांचे वैरी वाटणारे लाल आणि हिरवा फिल्मवर एकाच राखेत मिसळले होते. त्याहून वाईट म्हणजे आत्यांचं ठसठशीत कुंकू कपाळात विरून गेलं होतं. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळातली फिल्म लाल रंगाला आंधळी असायची, तिच्यावर लाल ते काळं उमटायचं. आमच्या पॅन्क्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत होता, आणि टंगस्टन दिव्यांच्या पिवळट उजेडात जरा जास्तच दिसत होता. सावळं कपाळ आणि कुंकू यांची छटा एक झाली. व्ही. शांतारामांनी प्रभातमध्ये 'कुंकू' केला तो १९३७ साली, आणि तोही कृष्णधवल. त्या नावातलं धाडस मला त्या दिवशी कळलं.

आमचे सर गळ्यात एक तपकिरी काच अडकवून फिरायचे. तिच्यातून पाहिलं की रंग मावळतात आणि उजेडाचं कमीजास्त तेवढं उरतं. ती काच मागून घेऊन मी दोन दिवस वाडाभर हिंडलो. पितळेचा डबा चमकत होता, निळी भिंत मेली होती. लुगडं बदललं. फिकट पिवळं, काळ्या काठाचं आणलं.

कुंकवाचं मात्र अडलं. काळं लावू या, असं मी म्हणालो आणि आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघू लागलो. त्यांचे यजमान, म्हणजे काका, आत झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "टिकली चालेल रे. टिकली म्हणजे काही कुंकू नव्हे. खाली माझं राहू दे, वर तुमची चिकटवा." काळपट चॉकलेटी टिकली आणली. कॅमेऱ्याला ती झकास दिसली.

चहाची वाफ हा दुसरा छळ. समोरून दिवा टाकला की वाफ नाहीशी होते. दिवा तिच्या मागे, किंचित बाजूला ठेवायचा, त्याच्याही मागे काळोख ठेवायचा, तेव्हा कुठे ती पांढरी होऊन उठते. आम्ही कोनाड्यावर काळी घोंगडी टांगली. अकरा वेळा पाणी उकळलं. आत्यांनी तेवढ्यात भाजी चिरून घेतली.

चित्रीकरणासाठी ४०० फुटांची दोनच रिळं होती, म्हणजे बावीस मिनिटं आणि वर काही सेकंद. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली की पैसे जाताना ऐकू येत. त्यामुळे तालीम दहादा, घरघर एकदाच. विद्यार्थ्यांसाठी याहून चांगली शिस्त मला माहीत नाही.

शेवटचा शॉट घ्यायला गेलो तेव्हा फूटमापकावर थोडेच फूट उरले होते. आत्यांनी ट्रंक बंद केली, पदरानं कपाळ पुसलं आणि टिकली पदराबरोबर गेली. कोणालाच ते दिसलं नाही. रीळ संपलं. आठवड्यानं रशेस आल्या तेव्हा कळलं. कुंकू पदराच्या फटक्यातूनही बरंचसं वाचलं असणार, पण पडद्यावर कपाळ कोरं होतं.

संकलनाच्या टेबलावर, स्टीनबेकवर, तो तुकडा मी चारदा काढला, चारदा परत जोडला. त्याच्याशिवाय फिल्म संपतच नव्हती. परीक्षकांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं. घराबरोबर सौभाग्य गेलं, हे शब्दाविना सांगितलंत, म्हणाले. आम्ही मान डोलावली.

आत्या आणि काकांसाठी व्हीएचएसवर प्रत काढली, तिच्यातून ते नऊ सेकंद आम्ही गाळले.